मागचे लायनर नवेकोरे, पुढचे पॅड साफ संपलेले: एका पिकअपच्या ब्रेकचं प्रकरण

जूनमधली पहाट, पावणेतीनचा सुमार. फोन ड्रायव्हरचा.

"दादा, माळशेजात बोगदा ओलांडून खाली थांबलोय. पाय देतोय पण गाडी ऐकत नाही."

"पेडल खाली बसतंय का?"

"नाही, उलट दगडासारखं घट्ट लागतंय. जळका वास येतोय नुसता."

पेडल खाली बसतंय का, हे मी झोपेतही विचारलं याचं मला नंतर बरं वाटलं, कारण निम्मं निदान तिथंच होतं. ब्रेक तापले की दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ऑइल ठीक असेल पण पॅडचाच घासणारा मसाला तापून निसटायला लागला असेल, तर पेडल घट्ट राहतं, पाय दुखेपर्यंत दाबलं तरी गाडी मात्र वाहत राहते. आमचं हे दुसरं होतं.

ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली होती. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन चाकावर ओतायला निघाला होता, त्याला त्याने आवरलं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जातो. एवढी समज त्याच्याकडे आहे म्हणूनच गाडी त्याच्या हातात दिली आहे. चाळीस मिनिटं थांबून, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत तो मोरोशीला उतरला. कल्याणला माल पोचायला साडेसात वाजले. साडेचारच्या मालाला जो भाव मिळतो तो साडेसातच्या मालाला मिळत नाही, हे भाजीवाल्यांना सांगायला नको.

गाडीची माहिती थोडक्यात. २०१९ ची पिकअप, पासिंग (कागदोपत्री परवानगीचा माल) १७०० किलो, पुढे डिस्क, मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. ड्रम म्हणजे बिडाचं भांडं, त्याला आतून लायनर घासतात. मोठ्या ट्रकांना आपल्याकडे बहुतेक चारी बाजूंनी ड्रम आणि हवेचा ब्रेक असतो. पॅड आणि डिस्कचा प्रश्न मुख्यतः आमच्यासारख्या पिकअपवाल्यांचा. त्या रात्री गाडीत ९५ कॅरेट होते. प्रत्येकात वीस किलो टोमॅटो, वर कॅरेटचं वजन, म्हणजे दोन टनांच्या पुढे माल. होय, पासिंगपेक्षा जास्त. ते लपवून हे प्रकरण लिहिता येणार नाही, कारण सगळी गोम तिथंच आहे.

घाट म्हणजे ब्रेकसाठी काय, याचा हिशोब मी एकदा वहीत मांडला होता. माल, गाडी, दोन माणसं धरून पावणेचार टनांच्या वर. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार साधारण ५०० मीटरचा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सोडावी लागते तिच्यात साठेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. त्यातला काही भाग इंजिन खातं, काही हवा. उरलेली सगळी उष्णता बिडाच्या तबकड्यांना आणि ड्रमांना गिळावी लागते. आमचा ड्रायव्हर त्या रात्री वेळ वाचवायला तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होता, म्हणजे इंजिनाचा वाटाही ब्रेकच्याच माथी.

गाडी रिकामी परतल्यावर आळेफाट्याला मिस्त्रींकडे नेली. चाकं काढली. पुढचं डावं चाक: आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला, पत्रा डिस्कवर घासून रेघा पडलेल्या. बाहेरचा पॅड मात्र अजून ५ मिलिमीटर. एकाच कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या चिमट्यातले) दोन पॅड असे वेगळे झिजले की कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम आहेत असं समजायचं. मिस्त्रींनी पिन हातोडीने ठोकून काढली, गंजून तपकिरी झालेली होती, वरचं रबर फाटलेलं. उजवीकडे दोन्ही पॅड तीन-साडेतीन मिलिमीटर, पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. नखाने खरवडलं तर काळी भुकटी निघाली.

हे पॅड मीच घेतले होते. ४८० रुपयांचा सेट, डब्यावर कुणाचं धड नाव नाही, पॅडच्या कडेला लाल रंग, बाकी काही छापलेलं नाही. नऊ हजार किलोमीटर चालले.

मग मिस्त्रींनी मागचे ड्रम उघडले आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, मागचे लायनर तर नवेच आहेत. तुमचे तेवढे पैसे वाचले."

मलाही आनंद झाला. दोन मिनिटं. मग प्रश्न पडला, की १,१५,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे मागचे लायनर नवे कसे? नवा लायनर ५ मिलिमीटर, आमचे ४.४ होते. ड्रमच्या आतल्या भिंतीवर गंजाची पातळ साय. रोज घासला जाणारा ड्रम आरशासारखा असतो, त्याच्यावर गंज धरायला सवड मिळत नाही. म्हणजे मागचा ब्रेक हजेरी लावत होता, काम करत नव्हता. गाडी थांबवायचं सगळं ओझं पुढच्या चार पॅडवर.

घरी येऊन वही काढली. डिझेल, टायर, ब्रेक, सगळं किलोमीटरसकट लिहायची सवय मला नानांनी लावली. त्यात ब्रेकच्या नोंदी अशा निघाल्या: पहिले पॅड ४१,००० किलोमीटर चालले. दुसरे ३८,०००. तिसरे, कंपनीच्याच डब्यातले, २७,०००. चौथे ते ४८० वाले, ९,०००. चौथ्याचा दोष तर दिसतच होता. पण तिसऱ्यांनी काय पाप केलं होतं? तो सेट ७९,००० ला बसवला, १,०६,००० ला संपला. आणि मधे ९६,००० ला एक नोंद: "मागे पाटा वाढवला, दोन्ही बाजू."

टोमॅटोच्या सिझनला गाडी मागून बसते म्हणून एक जादा पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगला एक जादा पट्टी, टाकणं ही आमच्याकडची सर्रास गोष्ट. तो टाकताना कुणी ब्रेकचा विचार करत नाही, आम्हीही केला नाही. पण अशा पिकअपला मागच्या एक्सलजवळ चासीला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्यातून एक सळई एक्सलपर्यंत जाते. माल भरला की चासी खाली बसते, सळई हलते, व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरली, मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, नाहीतर मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होऊन गाडी आडवी फिरेल. जादा पाट्यामुळे आमची चासी खाली बसायचीच थांबली. ९५ कॅरेट भरूनही व्हॉल्व्ह समजायचा, गाडी रिकामी आहे. बिचारा त्याचं काम चोख करत होता.

मिस्त्रींचा तोडगा तयार होता: "सळई तारेने वर बांधून टाकतो, कायम फुल्ल प्रेशर." याला मी नाही म्हटलं. हा जुगाड बऱ्याच गाड्यांवर दिसतो. भरलेली गाडी झकास थांबते, पण कल्याणहून रिकामी परतताना पावसात पहिल्याच जोरदार ब्रेकला मागचं अंग पुढे यायचा प्रयत्न करतं.

आता खरेदी.

आधी डिस्क. गॅरेजचा पहिला सल्ला नेहमीचा: "लेथवर मारून घेऊ, चारशे-चारशेत काम." लेथवर मारणं वाईट नाही, पण आधी जाडी मोजायची. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडी ओतलेली असते, आमच्या डिस्कवर २२ मिलिमीटर होती. नवी २४ ची. मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही, गंजाचा उंच कठडा राहतो. व्हर्निअर सरळ लावला तर त्याचे जबडे त्या कठड्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड भासते. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एक-एक रुपयाचं नाणं धरून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. तसं केलं. डावी २१.३, म्हणजे बादच. उजवी २२.६. तिच्या रेघा आणि बारीक भेगा काढायला दोन्ही बाजूंनी ०.३ तरी उतरवावं लागलं असतं. म्हणजे पहिल्याच दिवशी डिस्क मर्यादेवर. शिवाय एका बाजूला नवी जाड आणि दुसरीकडे घासलेली पातळ असली की दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत. जोडीच बदलायची ठरली.

दुकानात तीन भाव मिळाले. कंपनीच्या डब्यातली डिस्क ३,२६० ला एक. नावाजलेल्या स्पेअर बनवणाऱ्याची २,१५०. आणि "ही पण चालते" म्हणून दाखवलेली १,३०० ची. तिन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, व्यास तोच, जाडी तीच २४. मी दुकानदाराला म्हटलं, जरा वजन करू. समोरच खताचं दुकान, तिथं इलेक्ट्रिक काटा. दुकानदाराला गंमत वाटली, पण त्याने अडवलं नाही. कंपनीची ८.२ किलो, मधली ८.१, स्वस्तातली ६.९.

सव्वा-दीड किलो बीड गेलं कुठे? डिस्क उभी धरून कडेने आत पाहिलं तर उत्तर दिसतं. हवा खेळायला मधे पोकळी असते, दोन्ही बाजूंच्या तबकड्या त्या पोकळीतल्या पाकळ्यांनी जोडलेल्या असतात. स्वस्त डिस्कमध्ये पोकळी रुंद, तबकड्या पातळ, पाकळ्याही कमी. बाहेरून मोजली तर जाडी २४ च भरते. वजन सातवा हिस्सा कमी म्हणजे तेवढ्याच उष्णतेला ती जास्त तापणार, आणि आमचा आजार तर तापण्याचाच. तीच डिस्क सपाटीवर घरपोच दूध टाकणाऱ्या छोट्या हत्तीला कदाचित पुरेशी ठरेल. माळशेज उतरणाऱ्या गाडीला नाही. मधली घेतली. कंपनीच्या डिस्कशी तिचा फरक काट्यावर शंभर ग्रॅम आणि खिशाला जोडीमागे २,२२० रुपये. (बीड ओतायचं म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच नजरेसमोर येतं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून गाड्यांचे किती भाग निघतात हे माहीत असूनही आपण दुकानात 'इंपोर्टेड आहे का' म्हणून विचारतो.)

पॅडमध्ये निवड जास्त नाजूक, कारण पॅडचं काट्यावर काही कळत नाही. चार पर्याय समोर आले. कंपनीच्या डब्यातले १,९८०. गाडीच्या कंपन्यांना पॅड पुरवणारे कारखानदार स्वतःच्या नावाने स्वतःच्या डब्यातही विकतात, त्यातला एक १,३४०. ४८० वाले आमचे जुने सोबती. आणि दुकानदाराचा आग्रह २,६०० च्या 'सिरॅमिक'चा: "धूळ नाही, आवाज नाही, एकदा टाका, विसरा."

सिरॅमिकला गप्प आणि स्वच्छ म्हणतात ते खरं आहे, मोटारीला छानच. पण ओझ्याची गाडी उतारावर तापते तेव्हा धातूची पूड जास्त असलेला, ज्याला सेमी-मेटॅलिक म्हणतात, तो पॅड उष्णता सहन करायला बरा पडतो. तो थोडा आवाज करतो, रिम काळी करतो, थंड असताना पहिल्या ब्रेकला जरा आळशी असतो. टोमॅटोच्या गाडीची रिम काळी झाली तर कुणाचं काय बिघडतं? आणि डब्यावर सिरॅमिक छापलं म्हणजे आत तेच असतं असंही नाही.

१,३४० वाल्याच्या कडेला नंबरांची ओळ छापलेली होती, शेवटी दोन इंग्रजी अक्षरं: एफएफ. ही अक्षरं घर्षणाची. पहिलं थंड-कोमट असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ याचा अर्थ तापल्यावरही पकड त्याच पायरीवर राहिली. एफई असतं तर तापल्यावर एक पायरी घसरली असं समजायचं, घाटात ते मला नको होतं. पण ही अक्षरं म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. ती एका छोट्या तुकड्यावर यंत्रात केलेल्या चाचणीतून येतात. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, यातलं काही त्यात नाही. आणि जी म्हणजे एफपेक्षा चांगलं, असंही नाही, कारण पुढची पकड वाढवली की पुढच्या-मागच्याचा तोल पुन्हा बिघडतो. कंपनीच्या जुन्या पॅडवरही एफएफच होतं, म्हणून तेच धरलं. काही डब्यांवर गोलात ई आणि पुढे ९०आर असा युरोपचा मार्क दिसतो. बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर असावी असा तो नियम आहे. आमच्या पॅडवर तो नव्हता, मिळाला असता तर आनंदाने घेतला असता.

४८० वाल्यावर यातलं काहीच नव्हतं. तरी त्याला पूर्ण दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याच्या डोक्यावर पाटा, जाम पिन आणि ९५ कॅरेट होते.

पक्कं जीएसटी बिल घेतलं. बिलाचा उपयोग करासाठी कमी आणि बनावट डबा निघाला तर दुकानदारासमोर ठेवायला जास्त. कंपनीच्या डब्यांची नक्कल फार होते, त्यामुळे १,९८० मोजूनही ४८० चाच माल घरी येऊ शकतो.

एकूण खर्च असा झाला: पॅड १,३४०, डिस्कची जोडी ४,३००, पिनांची रबरं आणि त्यांचं खास ग्रीस २६०, डॉट ४ ब्रेक ऑइल ४२०, बेअरिंगचं ग्रीस आणि ऑइल सील ३४०, मजुरी १,५००. बेरीज ८,१६०. सगळं कंपनीचं घेतलं असतं तर ११,०२०. आणि लेथ, ४८० चे पॅड नि मजुरी असा गॅरेजचा मूळ बेत याच्या बऱ्याच कमी पैशात उरकला असता.

ऑइल बदलायची त्या रात्रीच्या हिशोबाने गरज नव्हती, पण बाटलीतलं ऑइल काळं चहासारखं होतं, २०१९ पासूनचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. पुढच्या खेपेला पेडल दगडासारखं न लागता खाली बसलं असतं.

बसवताना दोन ठिकाणी मी मिस्त्रींच्या डोक्यावर उभा राहिलो. आमच्या गाडीत डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागे बोल्टने बसते. हबचा तो चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत साफ करायला लावला. तिथं गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना डुलते, आणि चार-पाच हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात, डिस्क वाकडी झाली, माल हलका होता. दुसरं म्हणजे पिनांना साधं ग्रीस लावू दिलं नाही. साध्या ग्रीसने ती रबरं फुगतात आणि पिन पुन्हा जाम. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढलं. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रममधली धूळ उडवायला निघालेल्या पोराला थांबवलं, ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. जुन्या लायनरमध्ये काय असेल याचा भरवसा नसतो, ॲस्बेस्टॉस फुप्फुसात गेलं की ते परत निघत नाही.

एवढं करूनही पहिल्याच दिवशी गाडी किंचाळायला लागली. पॅडच्या पाठीमागची, आवाज दाबणारी पातळ पत्र्याची शिम मिस्त्रींच्या माणसाने जुन्या पॅडबरोबर भंगारात टाकली होती. डबा हुडकून शिम काढली, पुन्हा चाकं उघडली. अर्धा दिवस गेला.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यायला लागतात. पहाटे बनकर फाट्याच्या रस्त्याला, रिकाम्या गाडीने, साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, मग अर्धा-एक मिनिट तसंच चालवायचं, पुन्हा ब्रेक. असं वीस-पंचवीस वेळा. गरम असताना पेडलवर पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. नाना शेजारी बसले होते. दहाव्या ब्रेकला म्हणाले, "डिझेल फुकट येतं का रे?"

पाट्यावरून घरात खरा वाद झाला. जादा पाटा काढला, मागचे ॲडजस्टर सोडवून लायनर ड्रमला जुळवले, आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये गेजवर दाब बघून व्हॉल्व्हची सळई पुन्हा बसवून घेतली. पण पाटा काढला म्हणजे ९५ कॅरेट बंद. आता ७५. कॅरेटमागे २५ रुपये भाडं धरलं तर खेपेला ५०० रुपये कमी. सतरा खेपांत ब्रेकचा सगळा खर्च त्यातच जातो, हे नानांनी पाटीवर मांडून दाखवलं, आणि गणित बरोबर होतं. ब्रेकचा पैसा वाचवण्यासाठी माल कमी करा, असं म्हणणं हिशोबाला धरून नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, त्या रात्री क्लीनर म्हणून तुमचा नातू गाडीत होता. त्यावर ते काही बोलले नाहीत. सिझनच्या भरात शेजारच्या गाडीला वरचे कॅरेट देतो आम्ही आता, भाडं तिकडे जातं.

१२,४०० किलोमीटरनंतर परवा चाकं पुन्हा उघडली. नवे असताना ११ मिलिमीटरचे पॅड डावीकडे ८.३ आणि ८.२, उजवीकडे दोन्ही ८.२. डिस्कवर रेघ नाही. हाच वेग राहिला तर दोन मिलिमीटर शिल्लक ठेवून चाळीस हजारांच्या आसपास जातील. मागचे लायनर ४.४ वरून ३.९ वर आलेत आणि ड्रम आतून चकाकतोय. मिस्त्री म्हणाले, "मागचे लायनर झिजायला लागले की हो." वहीत तारीख, किलोमीटर आणि चारी चाकांची मापं लिहून घेतली.